कोणती भरती आहे, काका?

वजन कमी केलं की पुण्या-मुंबईकडे कौतुक होतं म्हणतात. आमच्या चंद्रपुरात चौकशी होते. तांदळाचा अख्खा कट्टा भरावा एवढं वजन अंगावरून उतरवून मी जटपुरा गेटापाशी शर्ट खोचून उभा राहिलो, तर जुन्या ओळखीचा पानठेलेवाला कात लावता लावता थांबला. "काऊन जी सर, बिमार होते का?" म्हटलं, नाही, उलट एकदम ठणठणीत आहे, रोज पळतो. त्यानं चुन्याचं बोट पानाच्या देठाला पुसलं, माझ्या गळ्याच्या हाडांवर एक नजर टाकली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला हलक्या आवाजात म्हणाला, "शुगर असन."

शुगरवर भागलं तर सुटलो समजायचं. दोन चौक ओलांडले की त्याच शुगरचा टीबी होतो आणि बाबूपेठेत पोचेस्तोवर बातमी किडनीला हात घालते. दूरच्या एका मावशीनं बायकोला फोन करून हळूच विचारलं, "पोरीच्या लग्नाचं टेन्शन घेतलं का गं त्यांनी?" पोरगी अजून दहावीत आहे. बारीक माणूस सुखी असू शकतो, यावर आमच्या भागाचा विश्वास नाही. गाल भरलेले असले की माणूस मजेत, गाल बसले की 'खराब झाले'. दोनच वर्गवाऱ्या आहेत आणि मी स्वकष्टानं, पहाटे उठून, दुसऱ्या वर्गात गेलो आहे.

सगळ्यात परखड निघाला तो शिंपी. जुन्या पँटी कमरेत आवळायला दिल्या, तर त्यानं टेप लावली, आकडा वहीत लिहिला, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "किती आत घेऊ?" म्हटलं, मापाप्रमाणे घ्या. "तसं नाही. कापड कापून टाकू का आत दाबून ठेवू?" मी जरा ताठ्यात सांगितलं, कापून टाका, आता गरज नाही. तो काहीच बोलला नाही. पँट घरी आणून उलटी करून पाहिली, तर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड व्यवस्थित दुमडून, कच्ची टीप मारून ठेवलेलं. या माणसानं अनेकांच्या निश्चयांची शिवण उसवलेली असणार.

खाण्याचं म्हणाल तर विदर्भाला डाएट नवं नाही. दोनदाच जेवा हा विचार अलीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवला, पण त्याचं मूळ आमच्या नागपूरकडच्या डॉ. श्रीकांत जिचकारांपाशी. ज्यांच्या पदव्यांची यादी वाचतानाच एक जेवण पचावं, ते जिचकार. दीक्षितांचा नियम साधा : दिवसात दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांत आटपायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यातला पहिला भाग आमच्याकडे आनंदानं स्वीकारला गेला. ५५ मिनिटांत नेमकं काय काय बसतं, याचे प्रयोग सुरू झाले. तर्रीपोहे, त्यावर आलूबोंडा, आलूबोंड्यावर परत तर्री, मग भात, आणि घड्याळात अजून वीस मिनिटं शिल्लक. चालायचा भाग उन्हाळ्यानंतर बघू असं ठरलं.

मी भात सोडला. हे वाक्य सोपं दिसतं, पण धानाच्या मुलखात ते उच्चारायला धारिष्ट्य लागतं. शिवाय आमच्या ताटातला भात साधासुधा नाही. एचएमटी तांदूळ आमच्याच जिल्ह्याचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, जपून, वाढवून हे वाण तयार केलं आणि त्या काळी मनगटावर मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. घड्याळाचं नाव लावणारा तो तांदूळ माझ्या ताटातून गेला, तोही मनगटावरच्या घड्याळापायीच. हे नवं घड्याळ मी किती पळालो, किती झोपलो, छाती किती धडधडली सगळं सांगतं आणि रात्री जरा जास्त जेवलो तर सकाळी आकड्यांतून टोमणे मारतं. बायकोचं म्हणणं, "माझं तुम्ही पंचवीस वर्षं ऐकलं नाही, त्याचं बरं ऐकता."

लग्नाच्या पंगतीत आणखी गंमत. आधी, 'काहीच खात नाहीत म्हणून असे वाळले' म्हणून वाढतात. नको म्हटलं की, 'रोज एवढे पळता, मग काय होते जी' म्हणून वाढतात. वाळलो म्हणून बुंदी आणि पळतो म्हणूनही बुंदीच.

आता पळण्याकडे येतो. चंद्रपुरात पळायचं म्हणजे आधी वेळ ठरवायची, आणि तिच्यावर दोघांचा दावा आहे, सूर्याचा आणि वाघाचा. मे महिन्यात पारा ४७-४८ ला टेकतो. सकाळी आठला डांबर पायाला चटके द्यायला लागतं आणि २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र तर उशाशीच. म्हणून उजाडण्याआधी पळावं, असं सूर्य सांगतो. उजाडण्याआधी माझी वेळ असते, असं वाघ सांगतो. दुर्गापूर, ऊर्जानगर, लोहारा, जुनोना, कुठल्याही बाजूला शहर संपलं की जंगलच, आणि मोहर्लीच्या रस्त्यानं गेलात तर ताडोबाचं दार. मुंबईचा माणूस वाघ दिसावा म्हणून हजारो रुपये भरून जिप्सीत बसतो. मी पहाटे पाचला वाघ दिसू नये म्हणून फुकटात घाम गाळतो.

वन विभागाचे फलक जागोजागी आहेत. 'वाघाचा वावर आहे. सकाळ-संध्याकाळ फिरणे टाळा.' एका वनरक्षकानं मला रस्त्याच्या कडेला थांबवून नीट समजावलं. एकटं जायचं नाही. कानात गाणी लावायची नाहीत. मोठ्यानं बोलत जायचं. वाघ दिसला तर पळायचं नाही, कारण पळणारी वस्तू दिसली की त्याला तिच्या मागे जावंसं वाटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाकायचं नाही. वाकलेला माणूस त्याला चार पायांचं जनावर वाटतो. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढून पळण्याच्या शास्त्रावरचे सगळे व्हिडिओ जात होते. तिथं सांगतात : आधी वाकून पायांचे अंगठे धरा. खाली बसून पोटऱ्या ताणा. बोलू नका, दम जातो. एकट्यानं पळा, मन एकाग्र होतं. म्हणजे उत्तम धावपटू होण्याची आणि वाघाचा नाश्ता होण्याची पूर्वतयारी तंतोतंत एकच आहे. तेव्हापासून बुटाची नाडी सुटली तर मी वाकत नाही. मैलाच्या दगडावर पाय ठेवून, मान उंच ठेवून, चाचपडत बांधतो. लांबून पाहणाऱ्याला मी फोटोसाठी उभा आहे असं वाटतं.

या विषयावर हसताना जीभ आवरावी लागते, हेही सांगून टाकतो. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात गेलेली काही माणसं दरवर्षी घरी परत येत नाहीत. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलेल्या बायांना अस्वलाचीही तेवढीच भीती, कारण मोह त्यालाही आवडतो. पण त्या पोटासाठी जातात. मी पोट उतरवायला. मूलच्या रस्त्यावर अशा बायांच्या घोळक्यातल्या एका आजीनं मला पाहून दुसरीला जे विचारलं, ते फलकापेक्षा जास्त लागलं : "याच्या घरी कोनी सांगनारं नाही का?" त्या दिवसापासून मी गावात पळू लागलो.

गावात वाघ नाही, कुत्री आहेत. आणि इथं मला इतिहास आडवा येतो. चंद्रपूरच्या जन्माची कथा आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगभर फोडांनी बेजार होता. झरपट नदीचं पाणी अंगाला लागलं आणि तो बरा झाला. पुढे शिकारीला गेला असता त्यानं अजब पाहिलं. एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे, कधी गोल, कधी नागमोडी. राणीनं सांगितलं, हा शुभशकुन आहे, ज्या वाटेनं ते पळाले त्या वाटेवरून परकोट बांधा. म्हणून आजही चार दरवाजे आणि पाच खिडक्यांचा हा कोट वेडावाकडा फिरतो. म्हणजे पाहा, शहराचा नकाशाच मुळी आजारातून उठलेल्या माणसानं पाहिलेल्या एका धावपळीतून निघाला आहे. माझ्यासारख्यासाठी याहून योग्य गाव दुसरं नाही.

अडचण एवढीच की त्या नामुष्कीची गोष्ट कुत्र्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली असावी. पठाणपुऱ्यापासून बिनबा गेटापर्यंत प्रत्येक गल्लीची टोळी ठरलेली, हद्द ठरलेली. एका टोळीनं मला हद्दीपर्यंत पोचवायचं आणि पुढच्या टोळीच्या स्वाधीन करायचं, हे ते कुठल्याही सरकारी खात्यापेक्षा वक्तशीरपणे करतात. सायकलवाल्याला सोडतात, दूधवाल्याला सोडतात, चोरालाही सोडत असावेत, पण विनाकारण पळणारा माणूस त्यांना सहन होत नाही. बाकी गावाचं मतही काही वेगळं नाही, फक्त ते भुंकत नाही. माझा सर्वांत वेगवान किलोमीटर घड्याळानं पहाटेच्या पठाणपुऱ्यात नोंदवला आहे. त्याचं श्रेय ज्याचं त्याला दिलं पाहिजे. त्याचा रंग तपकिरी असून एक कान फाटका आहे.

माणसांची पद्धत वेगळी. ती विचारतात. पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ चड्डीवर पळताना दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणती भरती आहे, काका?" यात थट्टा नसते. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पळणं म्हणजे भरती. पोलीस भरती, वनरक्षक भरती, सैन्य भरती. गडचिरोलीच्या वाटेवर कुठल्याही गावाबाहेर पहाटे पाहा, पोट्टे-पोट्ट्या रांगेनं पळताना दिसतील. पोलिसात पोरांना १,६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. पोरानं १,६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले तर २० पैकी २० गुण. वनरक्षक भरतीतल्या पोरांना तर पळून झाल्यावर पुन्हा चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. त्या सेकंदांवर घर, हुंडा न मागणारा नवरा, बापाचं कर्ज, असं बरंच काही टांगलेलं असतं. अशा रस्त्यावर मी 'सहज, तब्येतीसाठी' म्हणून पळतो, तेव्हा खुलासा करताना माझा मलाच आवाज बारीक येतो. एकदा कंटाळून सांगितलं, "शिक्षक भरती." त्या पोरानं लगेच विश्वास ठेवला. "त्यालेबी आता ग्राउंड लावलं का जी?"

गावाकडे याहून बिकट. सासुरवाडी सिंदेवाहीकडची. दिवाळीनंतर त्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. वडशाच्या कंपन्या येतात, दिवसा शंकरपट, रात्रभर नाटक, आणि पहाटे अख्खं गाव शाली-चादरी पांघरून, डोळे चोळत घरी परततं. मी नेमका त्याच वेळी, डोक्याला दिवा लावून, धापा टाकत समोरून आलो. गावात पहाटे पळणारा माणूस म्हणजे बातमी असते. कुणाला पान लागलं, कुणाची बाई अडली, कुणाच्या गंजीला आग लागली. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "कोन गेलं जी?" मला दमामुळे बोलता येईना, मी नुसता हात हलवला. हाताचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या परीनं घेतला आणि दहा-बारा माणसं चादरी सावरत माझ्या मागे पळत सुटली. माझं घड्याळ खूश होऊन हातावर थरथरत होतं. दोघा-तिघांनी मला मागेही टाकलं, एकाच्या पायात तर स्लिपर होत्या. मारुतीच्या देवळापाशी मी थांबलो तेव्हा तेही थांबले आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

"काही नाही," मी म्हटलं. "असाच पळत होतो."

शांतता. चादरीतला एक म्हातारा पुढे आला. हे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, सारा गाव त्यांना आबाजी म्हणतो. "जावई," ते म्हणाले, "मंग आमी कायले पळालो?"

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. पण आबाजी पटाचे शौकीन. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना वाट मोकळी करून दिली, तेव्हा बैलांपेक्षा त्यांनाच जास्त हुरूप आला होता. त्यांनी माझ्याकडे मालकाच्या नजरेनं पाहिलं, पोटरी दाबून बघितली आणि विचारलं, "सकायी काय खाता?" म्हटलं, ओट्स. ते काय असतं, तेही सांगितलं. "पटाच्या बैलाले आमी दूध-अंडे चारतो," ते म्हणाले, "तवा तो एकदा पयते. मंग वर्षभर बसून रायते." मग बुटांची किंमत विचारली. मी खरी सांगायला नको होती. त्यांनी मनात हिशेब केला आणि गर्दीला जाहीर केला, "दोन बकऱ्या. आनि पोट्टा याच्यापुढं स्लिपरवर गेला."

पुण्याच्या साडूनं मात्र कौतुक केलं. डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' भेट दिलं आणि म्हणाला, "तुमच्याच भागातले आहेत, वाचा." आमच्या घरी त्याच्या दोन प्रती आधीच होत्या, त्याही पुण्याहूनच आलेल्या.

गडचिरोली पोलीस दलाच्या महामॅरेथॉनला जायचं ठरवलं, तेव्हा मी मोठ्या शहरातला धावपटू दिसावा म्हणून कमरेला एक पट्टा घेतला. त्यात चार चपट्या छोट्या बाटल्या बसतात. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी भरलं; रंग फिक्कट सोनेरी आला. सावली गाव सोडून व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलाकडे निघालो, तेव्हा एक साधी गोष्ट मी विसरलो होतो. पुलापलीकडच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ होती. त्या सहा वर्षांत कंबर फुगलेल्या माणसाकडे पाहायची एक खास नजर दोन्ही जिल्ह्यांनी कमावली. नाकाबंदीत गाडी थांबली. शिपायानं बॅटरी माझ्या कमरेवर मारली आणि ती तिथंच राहिली. चार पव्वे, पट्ट्यात ओळीनं, उघड्यावर. त्याच्या नोकरीत एवढा निर्लज्ज माणूस त्यानं पाहिला नसावा.

"हे काय आहे?"

"पाणी."

"पिवळं?"

त्यानं एक बाटली काढली, झाकण उघडलं, वास घेतला, थोडी तळहातावर ओतून परत घेतला. चेहऱ्यावर निराशा दिसली. सहकाऱ्याला हाक मारून म्हणाला, "शरबत हाय बे." मग मला, अगदी आपुलकीनं, "सर, एवढ्यासाठी चार बाटल्या काऊन?" मी म्हटलं, पळताना लागतं. "किती पळनार?" दहा किलोमीटर. तो माझ्याकडे, मग बाटल्यांकडे पाहत राहिला. "आमी जंगलात ऑपरेशनले जातो, तवा दिवसाले एवढं पानी रायते," एवढं बोलून त्यानं झाकण घट्ट लावून दिलं.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुटल्यावर पहिल्या वळणाला भामरागड-एटापल्लीकडच्या पोरी साध्या कॅनव्हासच्या बुटांत बाजूनं निघून गेल्या. गोंडीत काहीतरी बोलत, हसत गेल्या. मला एवढा दम असता तर मीही हसलो असतो. शेवटच्या टप्प्यात एक जण उलट दिशेनं पळत परत आली, तिचं कधीच संपलं होतं, आणि मला विचारू लागली, "काका, सोबत येऊ का?" आली. मी तिला माझ्या पट्ट्यातली एक बाटली देऊ केली. तिनं नको म्हटलं.

आता मी जिल्हा क्रीडा संकुलाच्या मैदानावर जातो. तिथं वाघ नाही, फाटक्या कानाचा नाही, आणि भरतीच्या पोरांत माझे दोन-तीन जुने विद्यार्थीही आहेत. सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर पळायचो, म्हणजे एका मैदानावर एका वेळी असायचो. मग त्यांच्या लक्षात आलं की माझ्या मनगटावरचं घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतं. एका सकाळी त्यांच्यातला पुढारी नम्रपणे येऊन म्हणाला, "सर, तुम्ही पळू नका ना. तुम्ही हितं उभे राहा."

तेव्हापासून मी चुन्याच्या रेषेवर, पूर्ण पोशाखात, दोन बकऱ्या किमतीचे बूट घालून उभा असतो. शिट्टी मारतो, हाळी देतो, वहीत लिहितो. परवा एक नवा पोट्टा शेवटची फेरी मारून, जीभ बाहेर काढून, माझ्या पायाशीच कोसळला.

"किती?"

"५ मिनिटं १२."

"सर, दोन सेकंद कमी लिवा ना."

म्हटलं, बाबा, हे घड्याळ उपग्रहावर चालतं, यात माझ्या हातात काही नाही.

तो पडल्या पडल्या क्षणभर विचार करत राहिला. मग म्हणाला, "मंग उद्या घरचं साधं घेऊन या."